वृद्धपरिचर्या

वार्धक्यामुळे परावलंबी झालेल्या व्यक्तींच्या शुश्रूषेचे शास्त्र व व्यवसाय. भारतात 2007 च्या कायद्यानुसार वयाची 60 वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. परंतु परिचर्येच्या दृष्टीने वयापेक्षा अवलंबित्वाला, म्हणजे उठणे, नहाणे, जेवणे व मलमूत्रविसर्जन यांसाठी किती मदत लागते याला, अधिक महत्त्व असते.

चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग व शुचिता हे परिचारकाचे गुण मानले आहेत. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान धरला जातो. मात्र चरकोक्त परिचारकापासून आधुनिक वृद्धपरिचर्येपर्यंत सरळ परंपरा जोडण्याचा मोह टाळलेला बरा. जरा, म्हणजे वार्धक्य, हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असले, तरी तेथे भर रसायनावर, म्हणजे बल व तारुण्य टिकवणाऱ्या औषधयोजनेवर आहे, शुश्रूषेवर नाही.

स्वतंत्र शाखा म्हणून वृद्धपरिचर्येचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने 1966 मध्ये वृद्धपरिचर्येचा विभाग स्थापला, ही घटना काही जण प्रमाण मानतात. तर काहींच्या मते डॉ. मार्जरी वॉरेन यांनी 1935 पासून इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना पुन्हा हिंडते-फिरते करण्याचे जे काम केले, तेच मूळ होय. परिचारिकांनी स्वतः केलेल्या संशोधनापुरते पाहता ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन (1922–2007) यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

नॉर्टन यांनी रोडा मॅक्लॅरेन व वृद्धरोगतज्ज्ञ ए. एन. एक्स्टन-स्मिथ यांच्यासह केलेली रुग्णालयीन पाहणी 1962 मध्ये प्रसिद्ध झाली. शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण देऊन त्यांनी शय्याव्रणाचा, म्हणजे बेडसोरचा, धोका मोजण्याची श्रेणी तयार केली. एकूण गुण 5 ते 20 असतात. 14 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका, अशी मूळ मर्यादा होती व पुढे ती अनेक ठिकाणी 16 पर्यंत नेण्यात आली. या श्रेणीत आहाराचा स्वतंत्र विचार नाही, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकन परिचर्या-संशोधक बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1980 च्या दशकात मांडलेल्या सहा बाबींच्या श्रेणीत आहार, त्वचेचा ओलावा व घर्षण यांचा समावेश झाला. निव्वळ श्रेणी भरल्याने व्रण कमी होतात, असे मात्र पुढील परीक्षणांतून सिद्ध झालेले नाही.

दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या नियमाचे मूळ वादग्रस्त आहे. मेरुरज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात उपचार करणारे डॉक्टर लुडविग गुटमन यांच्याकडे त्याचे श्रेय सहसा दिले जाते. वॉर्डातील सर्व रोग्यांना एकदा वळवून पुन्हा पहिल्या खाटेशी येण्यास सेवकांना दोन तास लागत, म्हणून हा अवधी रूढ झाला, अशीही एक आख्यायिका आहे. ती रंजक असली तरी पुरावा म्हणून घेण्याजोगी नाही. नॉर्टन यांच्या पाहणीने लेप व मालिश यांपेक्षा दाब हलका करण्यावर भर दिल्यानंतर नियमित वळवण्याला शास्त्रीय बळ मिळाले, हे अधिक खात्रीने म्हणता येते. बर्गस्ट्रॉम यांच्याच नेतृत्वाखालील, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दाट फोमच्या गाद्यांवर असलेल्या वृद्धाश्रमवासीयांमध्ये दोन, तीन व चार तासांच्या अवधींत लक्षणीय फरक आढळला नाही. साध्या कापसाच्या गादीला हा निष्कर्ष लावता येणार नाही.

ठाणे व नवी मुंबई येथे ही परिचर्या मुख्यतः घरीच होते. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्ती सुमारे 9.9 टक्के होत्या. वाशी, नेरूळ येथील सिडकोच्या जुन्या वसाहतींत आणि ठाण्याच्या नौपाडा भागात लिफ्ट नसलेल्या इमारती बऱ्याच असल्याने खुब्याचे हाड मोडलेली व्यक्ती वरच्या मजल्यावरच अडकून पडते व हळूहळू अंथरूण धरते. अशा घरांत ब्युरोमार्फत येणारी, बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीची बाई (घरातील मंडळी तिला सहसा मावशी म्हणतात) ही प्रत्यक्ष परिचारक असते. तिने परिचर्येचा अभ्यासक्रम केलेला असतोच असे नाही. चोवीस तासांच्या ड्युटीत एकाच व्यक्तीने रात्रभर दोन-दोन तासांनी उठणे अशक्यप्राय असल्याने वरील वादाला येथे व्यावहारिक अर्थ आहे. एअरबेड भाड्याने मिळतो, पण तो कूस बदलण्याला पर्याय नव्हे. दमट हवेत मेणकापड व डायपर यांमुळे पाठ व कंबर ओलसर राहते, हेही ध्यानात घ्यावे लागते. सावळ्या त्वचेवर व्रणाची पहिली लाली सहज दिसत नाही. म्हणून माकडहाड, टाचा व खुबे येथे हाताने स्पर्श करून उष्णता किंवा कडकपणा तपासणे अधिक विश्वसनीय असते.

नेरूळ, बेलापूर व कामोठे येथे परिचर्या महाविद्यालये आहेत. शासकीय पातळीवर राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम 2010-11 पासून सुरू झाला.