बंदुका परत घेतल्या, गोळीबार थांबले: पण कशामुळे?

बंदूकबंदीचा वाद कुठेही पेटला की दोन्ही बाजू ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. एक म्हणते, कायदा आला आणि सामूहिक गोळीबार संपले. दुसरी म्हणते, ते तसेही ओसरलेच असते. दोघांचा पुरावा एकच, कायद्यानंतरच्या दोन दशकांतलं घटनांचं शून्य. हे शून्य किती भरवशाचं आहे, ते कॅल्क्युलेटरवर तपासता येतं.

28 एप्रिल 1996 रोजी टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे एका हल्लेखोराने 35 जणांना ठार केलं. (हे सरकारनेच घडवून आणलं, अशी कंडी अजून पिकते. तिच्यावर शाई खर्च करायची गरज नाही.) बाराच दिवसांत, 10 मे रोजी, केंद्र आणि राज्यांचा करार झाला. अर्धस्वयंचलित रायफली आणि पंप-अ‍ॅक्शन शॉटगन सामान्य नागरिकांसाठी जवळपास बंद झाल्या. प्रत्येक शस्त्राची नोंदणी, खरेदीआधी 28 दिवसांची थांबणूक आणि परवान्यासाठी सबळ कारण आलं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. बंदी आलेली शस्त्रं सरकारने मोबदला देऊन घेतली, त्यासाठी मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचा, कर वर्षभर 1.5 वरून 1.7 टक्के केला. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका जमा झाल्या.

आता गणित. हल्लेखोर सोडून पाच किंवा जास्त बळी, अशी व्याख्या धरली तर 1979 ते 1996 या 18 वर्षांत 13 घटना झाल्या, म्हणजे वर्षाला 0.72. त्यानंतरची अशी घटना मे 2018 मध्ये, ऑस्मिंग्टनला, सहा बळींची. मधली 22 वर्षं कोरी. जुन्याच वेगाने त्या काळात 15.9 घटना अपेक्षित होत्या. दुर्मीळ आणि एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांसाठी पॉयसाँचं सूत्र सांगतं की एकही न घडण्याची शक्यता म्हणजे 2.718 चा उणे 15.9 वा घात. उत्तर येतं साधारण ऐंशी लाखांत एक. योगायोग निकालात निघाला असं वाटतं.

गोम ‘संबंध नसलेल्या’ या अटीत आहे. मेलबर्नमध्ये ऑगस्ट 1987 ला हॉडल स्ट्रीटवर सात जण मारले गेले आणि चारच महिन्यांनी क्वीन स्ट्रीटवर आठ. एका हल्ल्याच्या बातम्यांतून दुसरा स्फुरत असेल तर घटना झुंडीने येतात, आणि मोजायच्या त्या झुंडी. प्रत्येक झुंडीत सरासरी दोन घटना धरा. मग 18 वर्षांत झुंडी साडेसहाच, 22 वर्षांत अपेक्षा 7.9 आणि शून्याची शक्यता अठ्ठावीसशेत एक. एकच गृहीतक बदललं आणि उत्तर जवळपास तीन हजार पटींनी हललं! आधीच्या वर्षांची मोजणी सर्वांत भीषण घटनेवर थांबवली जाते आणि जुना वेग फुगतो, हाही दोष आहे, पण तो किरकोळ. पोर्ट आर्थर वगळलं तरी अपेक्षा 14.7 उरते.

व्याख्येचंही तसंच. मोनाश विद्यापीठात 2002 मध्ये दोघे मेले, पाच जखमी झाले; 2014 मध्ये लॉकहार्टला एका कुटुंबातले चौघे मारले गेले. दोन्ही घटना यादीत नाहीत. उंबरठा चारवर आणा, शून्य गेलं.

शेजारच्या न्यूझीलंडने 1996 मध्ये अशी बंदी घातली नव्हती. तिथेही रौरिमूचा गोळीबार (1997) ते क्राइस्टचर्चचा (2019, 51 बळी) या 22 वर्षांत एवढी मोठी घटना नाही. मग कायदा फुकट गेला? तसंही नाही. लोकसंख्या पाचव्या हिश्श्याची, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या वेगाने तिथे अपेक्षाच 3.2 ची, आणि झुंडी धरल्या तर 1.6. मग शून्याची शक्यता पाचात एक. एवढ्या छोट्या देशाचं शून्य फारसं काही सांगत नाही.

सामूहिक गोळीबारांपेक्षा बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांचे आकडे जास्त कामाचे, कारण ते वर्षाला शेकड्यांत असतात आणि उताराची रेघ काढता येते. त्या 1996 आधीही वर्षाला सुमारे 3 टक्क्यांनी घटत होत्या. नंतर सुमारे 7.4 टक्क्यांनी घटल्या. आलेख 1996 पासून सुरू केला तर हा आधीचा उतार कापला जातो. मात्र काही वर्षांत इतर मार्गांनी होणाऱ्या आत्महत्याही कमी होऊ लागल्या, आणि त्या घटीचं श्रेय बंदुकांच्या कायद्याला देता येत नाही.