खानावळ

महिन्याचे पैसे ठरवून दोन वेळचे जेवण देणारी जागा. हॉटेलात गिऱ्हाईक पदार्थ निवडते; खानावळीत जे शिजले असेल ते ताटात येते. म्हणून रांधणाऱ्या बाईच्या मुलखाची चव जेवणाऱ्याच्याही जिभेवर बसते.

खानावळींचा मोठा पसारा मुंबईच्या गिरणगावात वाढला. १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढे कोकणातून आणि सातारा, कोल्हापूरकडून पुरुष कामाला आले, ते बहुतेक एकटेच. बायकापोरे गावी शेतीवर. परळ-लालबागच्या खोल्यांतून एकाच गावचे लोक दाटीवाटीने राहत आणि जेवायला शेजारच्या चाळीतल्या बाईकडे जात. पाळी सुटली की तिच्या एका खोलीतच पंगत बसे. कोकणी बाईकडे भात आणि सुकटीचे कालवण, घाटावरच्या बाईकडे भाकरी-कोरड्यास. गावची पत्रे, भांडणे, सोयरिकीही त्याच पंगतीत निघत.

गिऱ्हाईक पैसे देणार पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज बाईच्या डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले व त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. कामगार गावी परतले, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या चुलीही थंडावल्या. संपाचा इतिहास सांगताना या चुलींचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

खानावळीने चव टिकवली तशी जातही टिकवली. ‘मराठा खानावळ’, ‘लिंगायत खानावळ’ अशा पाट्या दक्षिण महाराष्ट्रात आजही दिसतात. पाटीवरून तिखट-मिठाचा अंदाज येतो हे खरे, पण एके काळी कोणाच्या पंगतीला कोण बसणार हेही त्यावरूनच ठरे.

पुण्यासारख्या शहरांत विद्यार्थ्यांमुळे खानावळीची ‘मेस’ झाली. तिथला कळीचा शब्द ‘खाडा’. गावी जायचे तर आधी सांगून वहीत खाडा मांडून घ्यायचा, म्हणजे तेवढे पैसे वजा होतात. न सांगता गेल्यास जेवण न जेवताच हिशेबात धरले जाते. रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट आणि रात्री मेस बंद, ही बऱ्याच ठिकाणची रीत. त्या संध्याकाळी वसतिगृहांबाहेरच्या भुर्जीपावाच्या गाड्यांवर उभे राहायला जागा मिळत नाही.