आयसीयूचं दार आणि सिस्टर

"सिस्टर, आमचा पेशंट कसा आहे?" किलकिल्या दारातून हा प्रश्न आत येतो आणि "डॉक्टर राउंडला आले की सांगतील" हे ठरलेलं उत्तर बाहेर जातं. ऐकणाऱ्याला सिस्टर तुटक वाटते. पण हे उत्तर तिच्या स्वभावातलं नाही, त्या दाराबरोबर आलेलं आहे.

आजच्या आयसीयूचं मूळ कोपनहेगनमध्ये सापडतं. १९५२च्या पोलिओच्या साथीत तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात, श्वास थांबत चाललेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी बसवून वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने हवेचा फुगा दाबून श्वास देत बसायचे. कल्पना भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांची. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच शहरात अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. हाताच्या जागी व्हेंटिलेटर आले. संसर्ग नको, गर्दी नको, म्हणून नातेवाइकांची भेट मिनिटांवर आली. आणि राखणदारी आपोआप परिचारिकेच्या गळ्यात पडली.

या नातेवाइकांना नेमकं हवं तरी काय, हे १९७९ साली पद्धतशीर विचारलं तेही एका परिचारिकेनेच. अमेरिकेतल्या नॅन्सी मोल्टर यांनी ४० जणांसमोर ४५ गरजांची यादी ठेवली. सर्वांत वर आली ती आशा. चांगली खुर्ची, चहापाणी हे खूपच मागे. पुढे जेन लेस्की यांनी या यादीला प्रश्नावलीचं रूप दिलं आणि ती देशोदेशी वापरली गेली. २०१७मध्ये अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर सोसायटीने, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांवर उपचार करणाऱ्यांच्या संघटनेने, तर नातेवाइकांना राउंडच्या वेळीही थांबू द्या, अशी शिफारस केली.

आपल्याकडे गोष्ट जरा उलटी. जनरल वॉर्डात नातेवाईक म्हणजे निम्मा स्टाफच: कूस बदलणं, भरवणं, रिपोर्ट आणणं. आयसीयूच्या दाराशी हे सगळं एकदम थांबतं. हातात उरते फक्त सिस्टरने दिलेली चिठ्ठी: "ही इंजेक्शनं आणि डायपर खालच्या मेडिकलमधून घेऊन या." मग माणसं चिठ्ठीच वाचायला लागतात. आज यादी लांबली, म्हणजे तब्येत बिघडली का? कालचं महागडं इंजेक्शन आज नाही, म्हणजे बरं की वाईट? सिस्टरला उत्तर ठाऊक असतं, सांगायची मुभा नसते. राग निघतो तोही बहुतेकदा तिच्यावरच. महाराष्ट्राने रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध २०१०मध्ये कायदा केला तेव्हा त्यात डॉक्टरांबरोबर परिचारिकाही आल्या, ते उगाच नाही.

कोविडमध्ये हे दार पुरतंच बंद झालं. तेव्हा पीपीई किटमधल्या सिस्टर पेशंटसमोर मोबाइल धरून उभ्या राहायच्या. काचेवर वाफ साचलेली, हातात ग्लोव्हजचे दोन थर, स्क्रीनला बोट लागत नाही. पलीकडून घरचे म्हणत, "सिस्टर, जरा कानाजवळ धरा ना."