१९६९ची राष्ट्रपती निवडणूक: दुसऱ्या पसंतीने नेमके काय केले?

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. देशावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण तेही पायउतार झाले तर कारभार कोणी पाहायचा, याची सोय नव्हती. संसदेने त्याच महिन्यात कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांवर टाकली. कायदा लगेच कामी आला. गिरींनी स्वतः निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला आणि २४ ऑगस्टपर्यंत सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतिभवनात होते.

खरी ठिणगी त्याआधीच पडली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींचे न ऐकता राष्ट्रपतिपदाचे अधिकृत उमेदवार म्हणून नीलम संजीव रेड्डींचे नाव पक्के केले. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींच्याच बाजूने पडले. इंदिराबाईंनी उत्तर दिले ते दुसऱ्याच आघाडीवर: १६ जुलैला मोरारजी देसाईंचे अर्थखाते काढले, १९ जुलैला वटहुकमाने १४ बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या. ठेवी ५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, हा निकष. वटहुकमावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची, राजीनाम्याच्या आदल्या दिवशी.

तिसरे उमेदवार होते सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलेले. त्यांच्यामागे स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ हे विरोधी पक्ष होते. या निवडणुकीत खासदार-आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीक्रम देतात. काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पांनी या पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींसाठी मागितली, तेव्हा इंदिरा गटाला आयतेच निमित्त मिळाले. या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. त्याचाच आधार घेत 'सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या' अशी हाक दिली गेली, म्हणजे रेड्डींऐवजी गिरींना.

मतदान १६ ऑगस्टला झाले. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. खासदाराचे त्या वर्षी ५७६ होते. वैध मतमूल्य भरले ८,३६,३३७. त्याचे निम्मे करून अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा, म्हणजे विजयाचा कोटा ४,१८,१६९.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोटा कोणीच गाठला नाही. मग तळाच्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या गेल्या. पुढची पसंती लिहिलेलीच नसेल तर ते मत तिथेच संपते. अखेर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

'गिरी दुसऱ्या पसंतीने तरले' असे आजही सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे. कोटा ओलांडायला त्यांना ही मते लागली हे बरोबर. पण वाटपात त्यांच्या पदरी १८,५६२ पडली आणि रेड्डींच्या ९१,८७९. पहिल्या फेरीतली ८७,९६७ची आघाडी शेवटी १४,६५० वर आली. म्हणजे निजलिंगप्पांची मागणी बरीचशी फळली होती. घात केला तो पहिल्या पसंतीतच, काँग्रेसच्या फुटलेल्या मतांनी.

१२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढले. डिसेंबरात दोन काँग्रेसची दोन अधिवेशने भरली, निजलिंगप्पांच्या गटाचे, म्हणजे संघटना काँग्रेसचे, अहमदाबादला आणि इंदिराबाईंचे मुंबईत. यशवंतराव तोवर इंदिराबाईंच्या बाजूला आले होते.