सांगलीकर डोळ्यांनी पुन्हा पाहिलेला जपानी राम

आमच्या पिढीला हा राम केबलवर भेटला. दिवाळीची सुट्टी, अंगणात अर्धा लिंपलेला किल्ला, कोपरापर्यंत चिखल आणि आतून कार्टूनच्या चॅनेलवरचा शंखनाद. ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ हा तो चित्रपट. तेव्हा मनात राहिला तो फक्त जागा होणारा कुंभकर्ण. २४ जानेवारी २०२५ ला तो फोर-के रूपात भारतातल्या थिएटरांत आला. त्यानिमित्ताने मी तो लेकीसोबत पुन्हा पाहिला. या वेळी नजर खिळली ती अरण्यातल्या उजेडावर, धोतराच्या निऱ्यांवर. हे सगळं हाताने काढलेलं आहे!

त्याची मुळं १९८३ मध्ये आहेत. युगो साको हे जपानी माहितीपटकार अलाहाबादजवळ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर चित्रीकरण करायला आले होते. तिथे त्यांना रामकथा कळली आणि ते तिच्यात इतके गुंतले, की जपानीत मिळतील ती रामायणं वाचून काढली. माहितीपटाची बातमी छापून आल्यावर विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतल्या जपानी दूतावासाकडे निषेध नोंदवला. परदेशी माणसाने रामायणाला हात का लावावा, हा आक्षेप. पुढे साकोंनी रामकथेवर हा चित्रपट करायचं ठरवलं, तेव्हा भारत सरकारची साथही मिळाली नाही. रामाचं कार्टून हा विषय नाजूक वाटला. शेवटी काम जपानमध्ये झालं. सुमारे ४५० कलाकार त्यात होते. साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी दिग्दर्शन केलं.

राम मोहन हे नाव आपण आदराने घ्यायला हवं. १९५६ पासून फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेला हा माणूस. धोतर कसं नेसतात, नमस्कार कसा करतात, हे जपानी चित्रकारांना भारतीय मंडळींनी समजावून दिलं. संगीत वनराज भाटियांचं. मूळ संवाद इंग्रजीत, गाणी मात्र संस्कृतात. हिंदीत अरुण गोविलांनी रामाला आणि अमरीश पुरींनी रावणाला आवाज दिला.

१९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली. त्या तापलेल्या दिवसांत हा चित्रपट आपल्याकडच्या थिएटरांत रुजलाच नाही. म्हणून तर तो आमच्याकडे टीव्हीवरून आला.

‘परक्याचा राम’ हा आक्षेप सांगलीत बसून वाचताना मला फार खटकतो. १८४२ मध्ये कर्नाटकातल्या करकीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही रचायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. कानडी मुलखातून आलेल्या त्या खेळामुळे आपल्या रंगभूमीची सुरुवात रामकथेने झाली. भाव्यांनी तर रामायणातल्या पात्रांच्या लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. निर्जीव आकृतीला हालचाल देऊन राम उभा करायचा, हा ध्यास या गावाने साकोंच्या कितीतरी आधी पाहिला होता.

साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये, भाटिया २०२१ मध्ये. आपला राम भारतातल्या मोठ्या पडद्यावर असा दिमाखात आलेला या तिघांनाही पाहता आला नाही.