एकट्याने गोमुखाला जायचंय? परवाना आणि कागदपत्रांची माहिती

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या पुणेकराला डोंगरात शिरायला सरकारी परवाना लागतो, हेच मुळात पटत नाही. गोमुखाला, म्हणजे गंगोत्री हिमनदीतून भागीरथी बाहेर पडते तिथे जायला, मात्र लागतो. गंगोत्रीच्या पुढची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते. गाव सोडल्यावर साधारण दोन किलोमीटरवर कनखूची वनचौकी आहे, तिथे कागद बघूनच आत सोडतात. दिवसाला १५० जण, ही मर्यादा.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो चारधाम नोंदणीचा. ती उत्तराखंड पर्यटन खात्याची, ऑनलाइन आणि फुकट. तिचा क्यूआर कोड तुम्हाला गंगोत्रीपर्यंत नेतो. गोमुखाचा परवाना वनखात्याचा, त्याचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळं. नोंदणीची प्रिंट दाखवून चौकीवर हुज्जत घालणारे दर हंगामात असतात. उपयोग शून्य.

अर्ज उत्तरकाशीतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयात करता येतो, ऑनलाइन सोयही आहे. माझं मत विचाराल तर पुण्यातून निघण्याआधीच ऑनलाइन करा. उत्तरकाशी ते गंगोत्री जवळपास १०० किलोमीटर घाटरस्ता आहे. वर जाऊन कागद कमी पडला आणि खाली यावं लागलं, तर दोन दिवस गेलेच म्हणून समजा. मे-जूनमध्ये गर्दी असते, तेव्हा १५० चा आकडा लवकर भरतो. सप्टेंबर-ऑक्टोबर त्या मानाने सोपा. उद्यान एप्रिल ते नोव्हेंबर खुलं असतं, पण मंदिर अक्षय तृतीयेला उघडतं आणि दिवाळीतल्या अन्नकूटाला, म्हणजे आपल्या पाडव्याला, बंद होतं. त्यानंतर गावातली हॉटेलं, खानावळीही आवरत्या घेतात. एकट्या माणसाने ते दिवस टाळावेत.

कागदपत्रं फार नाहीत. फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ आणि दोन-तीन झेरॉक्स. पासपोर्ट आकाराचे फोटो. घरच्या माणसाचं नाव आणि नंबर. अर्जातलं नाव ओळखपत्राबरहुकूम लिहा; वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, यावरूनही माणसं अडतात.

वैद्यकीय दाखला कुणी मागो न मागो, तो घ्याच. एमबीबीएस डॉक्टरांचा, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह, निघण्याच्या थोडेच दिवस आधीचा. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, गंगोत्री तीन हजारांच्या वर आणि मुक्कामाचं भोजबासा पावणेचार हजारांच्या आसपास. कळसूबाईच १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातला कुठलाही ट्रेक या उंचीची तयारी करून देत नाही. रक्तदाब किंवा दमा असेल तर डॉक्टरांना भोजबासाची उंची सांगूनच तपासून घ्या. परवान्याची तारीख ठरवतानाही गंगोत्रीत किमान एक रात्र धरा, कारण परवाना ठरलेल्या तारखांचा असतो. डोकं दुखतंय म्हणून तो आपोआप पुढे सरकत नाही.

पात्रतेत एकट्या भारतीय माणसाला वेगळी अट सहसा आडवी येत नाही, पण वाटाड्या सक्तीचा आहे का, हे अर्ज करतानाच विचारा. हवामान बिघडलं की नियम कडक होतात. गंगोत्रीपासून भोजबासा १४ किलोमीटर, गोमुख १८. त्यापुढे तपोवनाची, म्हणजे हिमनदीपलीकडच्या उंच कुरणाची वाट हिमनदीवरून, फुटक्या बर्फातून आणि दगडगोट्यांतून जाते. तिथे एकट्याने जाऊ नये, हे मी परवान्याचा विषय बाजूला ठेवून सांगतोय. परवान्यावर कुठवरची मुभा आहे, तेही वाचून घ्या.

चौकीवर सामान तपासतात, प्लॅस्टिकच्या वस्तूंची मोजदाद होते. बाटल्या, वेष्टनं कमीच न्या आणि नेलेली परत आणा. परतताना चौकीवर आपली नोंद झाली ना, तेही बघा. पुढे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा तुम्ही खाली उतरलात हे सांगणारं तेवढंच एक रजिस्टर असतं.

हाच बेत नेपाळात करणार असाल तर हिशोब वेगळा. व्हिसा लागत नाही, विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही. पण १ एप्रिल २०२३ पासून तिथे परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड सोबत घेण्याचा नियम आहे, आणि त्यात आपणही परदेशीच.