खर्जाची बासरी घेताय? आधी हात मोजा

बासरी जितकी लांब तितका सूर खाली, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नालाल घोषांनी याच वाटेने जाऊन सुमारे 32 इंचांची बासरी घडवली आणि लोकसंगीतातलं हे वाद्य खयालाच्या मैफिलीत आणून बसवलं. मग आणखी लांब, आणखी खर्जातली बासरी सर्रास का दिसत नाही? अडचण हवेची नाही, बोटांची आहे.

बासरीचं एक टोक बुचाने बंद असलं तरी ध्वनीच्या हिशेबी ती दोन्हीकडून उघडी नळी, कारण फुंकरंध्र उघडंच असतं. अशा नळीत सर्वांत खालच्या सुराची अर्धी तरंगलांबी मावते. पांढरी तीनच्या बासरीत (म्हणजे जिचा सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर येतो) सहाही छिद्रं झाकली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प वाजतो, सेकंदाला साधारण 247 कंपनं. त्याची अर्धी तरंगलांबी सुमारे 70 सेंटिमीटर. प्रत्यक्ष अंतर याहून थोडं कमी भरतं, कारण कंप पावणारी हवा दोन्ही तोंडांबाहेर जराशी डोकावते.

आता खालच्या सप्तकातली पांढरी सहा घ्या. नळी दीडपट, म्हणजे मीटरभर. छिद्रांमधली अंतरंही दीडपट होतात, आणि उजव्या हाताची अनामिका रडकुंडीला येते. पाश्चात्त्य बेस फ्लूटने यावर चाव्या बसवल्या, नळीही वळवून दुमडली. आपल्याला ते परवडत नाही. छिद्र हळूहळू उघडत काढलेली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, चावीवर कशी यायची? छिद्रं वर सरकवून लहान केली तर बोटं पोचतात, पण आवाज दबतो. कारागीर या दोहोंत तडजोड करत असतो, म्हणून एकाच पट्टीच्या दोन बासऱ्या हाताला वेगळ्या लागतात.

त्यामुळे ऑनलाइन फोटो पाहून खर्जाची बासरी मागवणं मला तरी जुगार वाटतो. दुकानात सहाही छिद्रं झाका, बोटांची टोकं नव्हे, पेरांचा मांसल भाग वापरून. मंद्र पंचम हलक्या फुंकीत स्थिर लागला पाहिजे. तो फाटत असेल तर आधी स्वतःच्या बोटांखालची फट तपासा, मग बांबूची चीर शोधा. त्यानंतर तोच स्वर जोर वाढवून वरच्या सप्तकात घ्या. दोन्ही तानपुऱ्याशी जुळत नसतील तर बासरी परत ठेवा. फुंकरंध्र आणि बूच यांच्यातलं अंतर चुकलेलं असू शकतं.

हे सगळं बासरी थोडी वाजवून, ती श्वासाने कोमट झाल्यावर करा. तापमान 20 अंशांवरून 30 अंशांवर गेलं की ध्वनीचा वेग जवळजवळ पावणेदोन टक्के वाढतो आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा चढतो. एसी दुकानात उतरलेली वाटणारी बासरी घरच्या उकाड्यात बरोबर लागेल.

नवशिक्याने किंवा लहान पंजाच्या माणसाने आधी आखूड बासरी, म्हणजे पांढरी पाच घ्यावी. अनामिका सैल पडायला लागली की पांढरी तीन आहेच.